जाफा गेट, एक जुना फोटो आणि मावशींची पखाल

जेरुसलेममध्ये पहिला गाढवपणा काय केला तर जाफा गेट, म्हणजे जुन्या शहराच्या तटबंदीचं पश्चिमेकडचं दार, बघितलंच नाही. सगळ्या गाड्या नि माणसं भिंतीतल्या ज्या रुंद रस्त्यानं आत शिरत होती त्याच लोंढ्यात आम्हीपण शिरलो आणि आत पोचल्यावर मी विचारतोय, गेट कुठाय? सोबतच्या मावशी हसायला लागल्या. मावशी बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू, लहानपण भायखळ्याला, आता राहतात इस्राएलमधल्याच बीरशेबाला, मराठी अजून अस्सल. म्हणाल्या, अरे डाव्या हाताला बघ की, एवढं मोठं दार सोडून भगदाडातून आलास तू!

ते भगदाड म्हणजे 1898चं. जर्मनीचा कैसर विल्हेल्म दुसरा येणार होता, त्याची बग्गी आत जावी म्हणून गेट आणि शेजारच्या किल्ल्याच्या मधली भिंत पाडली आणि खंदक बुजवला. खरं गेट बाजूलाच, सोळाव्या शतकातल्या तुर्की सुलतान सुलेमानाच्या काळातलं, आत शिरलं की काटकोनात वळायचं म्हणजे शत्रूला थेट घुसता येऊ नये. आपल्या गडांच्या दरवाजांची सवय असलेल्याला हे लगेच कळतं.

आत एका दुकानात जुन्या फोटोची कॉपी घेतली, याच गेटबाहेरचा. खाली नाव होतं, मी ते बॉनफिल्स असं वाचलं, दुकानदार म्हणाला बाँफिस. फ्रेंच माणूस, 1867 मध्ये बैरूतला स्टुडिओ काढला, बायको लिदी आणि मुलगा आद्रियां हेपण फोटो काढायचे, त्यामुळे हा नक्की कोणी काढला म्हणून मी डोकं खाजवत बसलो नाही. फोटोवर साल नाही. पण भिंत अखंड आहे! म्हणजे 1867 ते 1898च्या मधला, एवढं तर तिथल्या तिथे पक्कं झालं.

मग बाहेर येऊन त्याच जागी उभं राहून फोटो नीट बघितला. भिंतीची ही बाजू पश्चिमेकडची, फोटोत तिच्यावर लख्ख ऊन, म्हणजे दुपार उलटलेली. जमिनीवर भाजीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका एकदम स्पष्ट, कारण त्या बसल्यात. खेड्यापाड्यातल्या बायका भाजी घेऊन इथंच बसायच्या. उंटाला मात्र दोन डोकी, कारण एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड घेणं, चालू असताना त्यानं मान हलवली, आणि चालत्या माणसांचा नुसता धूर. तीनचार पुरुष सरळ आपल्याकडे बघतायत, म्हणजे खरं तर कॅमेऱ्याकडे आणि बहुतेक त्या काळ्या तंबूकडेपण, कारण तेव्हा बरीच वर्षं काचेला रसायन लावून ती ओली असतानाच फोटो काढून डेव्हलप करावी लागायची, त्यामुळे डार्करूमच सोबत बाळगायची. एवढा तमाशा बाजारात मांडल्यावर कोण बघणार नाही? ‘रोजचं जीवन’ म्हणून विकलेल्या फोटोत त्या दिवशीची सगळ्यात नवीन गोष्ट कॅमेराच होती असं मला वाटतं.

गिऱ्हाईक युरोपातले यात्रेकरू आणि टुरिस्ट, त्यांना बायबलमधलं गाव पाहिजे, म्हणून उंट आणि झगे अगदी मधोमध. पण उजव्या काठावर एका बग्गीचं अर्धं चाक आलंय. जाफा बंदराहून चाकाच्या गाड्या चालतील असा रस्ता 1860च्या दशकाच्या शेवटी झाला, त्यामुळे ते चाक मला उंटापेक्षा जास्त आवडलं.

एका माणसाच्या पाठीवर काहीतरी काळं फुगलेलं होतं. मी म्हटलं मेलेली बकरी असेल. मावशींनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, बकरी कसली, पखाल आहे ती! पाणी भरलंय. आमच्याकडे रस्ता शिंपायला पखालवाला यायचा रे. बरोबरच होतं, शहरात पाणी टाक्यांतलं नाहीतर असं विकत घेतलेलं. आणि तसं बघितलं तर बकरी म्हणालो तेपण फार चुकलो नव्हतो, पखाल तिच्याच कातड्याची.

मावशींना फोटो दाखवायला आणखी पाचसहा होते पण त्यांना भूक लागली होती, गेटजवळच्या गाडीवरून तीळ लावलेला लांबट पाव घेतला आणि तिथंच भिंतीच्या उन्हात बसलो.