टिंकर म्हणजे आपला कल्हईवालाच की

आज अमळनेरात दुपारी बाहेर नुसती भट्टी पेटल्यासारखं, म्हणून भाचीला घेऊन कूलरसमोर बसले आणि २००३चा पीटर पॅन लावला. मला तो सिनेमा एका टिंकर बेलसाठीच आवडतो. एवढीशी परी, तिच्यात एका वेळी एकच भावना मावते म्हणे, राग तर नुसता राग आणि माया तर नुसती माया. पीटरसाठी ठेवलेलं विष ती स्वतः पिते आणि तिचा उजेड विझायला लागतो, तिथे भाचीने माझा हात घट्ट धरला, "मावशी वं, मरी गई का ती?" मग पडद्यावरची पोरं 'आमचा पऱ्यांवर विश्वास आहे' ओरडायला लागली तशी हीपण ओरडायला लागली, इतकी की आई स्वयंपाकघरातून धावत आली, "काय व्हयनं?"

१९०४ मध्ये लंडनला हे नाटक म्हणून आलं तेव्हा टिंकर बेलचं काम करायला नटीच नव्हती. आरशाने स्टेजवर कवडसा नाचवायचे आणि घंटी वाजवायचे, तोच तिचा आवाज. ती मरायला टेकली की प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून तिला वाचवायचं. एका कवडशासाठी टाळ्या! मला हे फार म्हणजे फारच आवडतं.

आणि तिचं नाव. टिंकर म्हणजे गावोगाव फिरून भांडी नीट करून देणारा, आणि ही पऱ्यांची भांडीकुंडी दुरुस्त करते म्हणून टिंकर. आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा, निंबाखाली खड्डा करून भाता लावायचा, पातेलं तापलं की नवसागर टाकला की भसकन पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने गोल हात फिरवला की काळं पडलेलं पातेलं आतून लख्ख, आणि लगेच पाण्यात चर्रर्र. आम्ही पोरं डोळे चोळत तिथेच उकिडवी बसलेली, घरून हाका आल्या तरी हलायचो नाही. मला ती जादूच वाटायची, अजूनही वाटते.

पाचेक वाजता माळ्यावरून जुनं पितळी पातेलं काढलं. कल्हई बरीच गेलीय, तळाशी वाटीएवढी जागा तेवढी चमकते. भाचीने ते खिडकीतल्या उन्हात धरलं तर कवडसा भिंतीवर, फडताळावर आणि मग थेट आईच्या चष्म्यावर.

"बस वं माय, डोया दिपी ग्यात मना."

"आजी, टाळ्या वाजव ना, नाहीतर ती विझेल!"

आईने हातातला लसूण खाली ठेवला आणि वाजवल्या.