काचेवरचे गंजके ठिपके

आमचं गाव घाटंजी तालुक्यात. कुठल्याही दिशेने निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. तरी आमच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे. दोन क्लाउनफिश, वाळूवर राहणारा एक गोबी मासा (होता) आणि मश्रूम, झोआ असे मऊ प्रवाळ. दगडी प्रवाळ ठेवत नाही. ते 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि आमच्या मे महिन्यात ते तग धरतील असंही नाही. घरच्यांच्या मते हा शौक नाही, रोग आहे.

मागच्या ऑगस्टमध्ये नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने मश्रूम चिकटलेला दगड मागवला. पिशवी तासभर टाकीत तरंगू दिली आणि दगड थेट आत सोडला. तीन आठवड्यांनी काचेच्या खालच्या कोपऱ्यात गंजक्या रंगाचे चार-पाच ठिपके दिसले, मसुराच्या सालाच्या तुकड्याएवढे. भिंगातून पाहिलं तर प्रत्येकाच्या मागे तीन टोकं. लाल प्लानेरिया. सगळे यांना फ्लॅटवर्म म्हणतात, शास्त्रज्ञ मात्र आता त्यांना चपट्या कृमींत धरत नाहीत. मला काय, टाकीत होते एवढं खरं.

शेजारचे काका चहाला आले, काचेला नाक लावून म्हणाले, "बोंडअळी पाण्यातबी आली काय बाप्पा?"

हसलो आणि विसरलो. महिन्याभरात मश्रूमवर गंजाचा थर चढला. यांच्या अंगात शेवाळ असतं, त्यामुळे उजेडावरही पोट भरतं. नर-मादी शोधायची गरज नाही. मागच्या टोकाला कोंब फुटतो आणि नवा जीव सुटतो. प्रवाळाला ते खात नाहीत, पण वर पसरून त्याचा उजेड अडवतात. माझे झोआ दुपारीही मिटलेले राहू लागले.

औषध मागवलं. संध्याकाळी बाटलीवर लिहिलेला पूर्ण डोस टाकला. दहा मिनिटांत ते काचेवरून सुटायला लागले, उपणताना भुसा उडावा तसे. मी खूश. पाऊण तासाने गोबी वाळूवर आडवा, कल्ले भराभर हलतायत. हे किडे मरताना विष सोडतात, आणि माझ्या टाकीत ते शेकड्यांनी एकदम मेले होते. बदलायला खारं पाणी तयार नव्हतं, पाण्यातलं विष शोषणाऱ्या कार्बनचं पाकीट अजून फोडलेलं नव्हतं, त्यात लाइन गेली. नऊच्या सुमारास गोबी गेला. घाईघाईत मीठ कालवून पाणी बदललं म्हणून क्लाउन वाचले.

माझं कृषी केंद्र आहे. डोस वाचा, तोंडाला बांधा, वारा पाहा, हे मी दिवसभर सांगत असतो. 2017 च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेव्हापासून तर गिऱ्हाइकाला कंटाळा येईस्तोवर सांगतो. आणि घरी मी बाटली उघडून मोकळा.

सांदीतले वाचलेले किडे आठवड्यात पुन्हा वर आले. या वेळी वेचणी केली. त्यांना उजेड हवा आणि वाहतं पाणी नको, म्हणून दुपारी लाइट चालू, पंप बंद. अर्ध्या तासात ते काचेवर आणि वाळूवर गोळा होतात. हवेच्या पंपाची बारीक नळी घेऊन एकेक ओढायचा. नळीचं दुसरं तोंड बादलीवर ताणलेल्या धुतलेल्या धोतराच्या कापडात, म्हणजे किडे वर राहतात आणि गाळलेलं पाणी परत टाकीत जातं. पहिल्या दिवशी कापडावर तपकिरी लगदा साचला, चमचाभर तरी. नळी काचेला घासली की किडा तुटतो, म्हणून हात हलका. नऊ दिवस रोज तासभर हेच. दुकानात पोरगा बसला.

किडे खायला सिक्सलाइन रास मासा आणायचा विचार होता. काही रास हे किडे खातात, काही ढुंकूनही बघत नाहीत, आणि छोट्या टाकीत बाकीच्यांना छळतात. निळी मखमली गोगलगायही मिळते, पण ती या किड्यांशिवाय काही खात नाही. किडे संपले की उपाशी मरणार. ते मनाला पटलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी, लाइन टिकते त्या वेळी औषध टाकलं. आदल्या रात्रीच 45 लिटर आरओच्या पाण्यात मीठ कालवून, पंप लावून ठेवलं होतं. सकाळी घनता 1.025 भरली. मेलेले तरंगायला लागले की नळीने बाहेर. तासाभराने कार्बन सुरू केला आणि पाणी बदललं. बॅटरीवरचा हवेचा पंप उशाशी ठेवावा तसा टाकीशेजारी. क्लाउन दुपारी खायला वर आले. आठवड्याने आणखी एक डोस दिला, तेव्हा जेमतेम सहा-सात सुटले.

झोआ उघडायला पंधरा दिवस लागले. एक मश्रूम गेलाच.

आता येणारा प्रत्येक दगड आधी टाकीच्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात अर्धा मिनिट हलवून काढतो, मग महिनाभर ओसरीतल्या वेगळ्या टबात. टब मायचा आहे, पापडाचं पीठ भिजवायचा. तिने दोनदा विचारलं, मी अजून नवा आणलेला नाही.