२४ नाही, २१

बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपायला पंधरा दिवस उरले तेव्हा मी दूध काढायचा पंप आणला. उशीरच केला म्हणा. पहिल्या दिवशी वीस मिनिटं घर्रघर्र करून दोन्हीकडचं मिळून जेमतेम ३० मिली, वर नुसती आग आग. सासूबाई म्हणाल्या, "मशीन बघून कुठे पान्हा फुटतो का गं?" राग आला, पण त्या अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या.

दुधात कमी मीच, असं धरून आठवडाभर शतावरी-आळीव चाललं. मग प्रसूतिगृहातल्या सिस्टरना पंपच दाखवला. त्यांनी कप लावून बघितला आणि हसल्या. खोक्यातून आलेला कप २४ मिमीचा. निपलसोबत भोवतालची कातडीही आत ओढली जात होती. "२१चा घ्या. आणि आधी कोमट फडकं, मग दोन मिनिटं हाताने." तिसऱ्या दिवशी ८० मिली! एवढ्याशा प्लास्टिकपायी मी आठवडाभर रडले होते.

लेक बाटली तोंडात धरेना. सासूबाईंनी माळ्यावरून नवऱ्याच्या लहानपणीचं बोंडलं काढलं, उकळलं, आणि ती गटागटा प्यायली. फ्रीजमधल्या दुधावर साय चढलेली पाहून मात्र त्या "नासलं गं!" म्हणून ओतूनच टाकणार होत्या. नासत नाही, स्निग्धांश वर येतो. हलकेच फिरवलं की मिसळतो. फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं, हे त्यांना पटायला महिना गेला.

ऑफिस परळला. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघर द्यावं लागतं, आम्ही चाळीस. म्हणून फायलींची खोली, आतून कडी, अकरा-दोन-साडेचार. बाटल्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे, नाहीतर कुणीतरी ताक समजून प्यायचं.

जुलैत एका संध्याकाळी पाणी भरलं आणि लोकल शीव-कुर्ल्याच्या मध्ये अडीच तास उभी. छाती दगडासारखी. त्यात पलीकडच्या बाकावर कुणाचं तरी तान्हं रडलं आणि पान्हा फुटलाच, कुर्ता भिजला. शेजारच्या काकूंनी काही न विचारता ओढणी धरली, दुसरीने पर्स. मी जेवणाच्या डब्यात हाताने दूध काढलं. डबा भाजीचा, त्यामुळे ते खिडकीतून ओतावं लागलं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९पासून मातृदुग्ध पेढी आहे, आशियातली पहिली. आणि तिच्यापासून एवढ्याशा अंतरावर मी दूध गटारात सोडत होते.

डोंबिवलीला पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. लेक झोपलेली. बोंडलं धुऊन पालथं घातलेलं.

"फ्रीजमधलं शेवटचं संपलं," सासूबाई म्हणाल्या. "उद्याचं आणलंस ना?"

बाटल्यांची बर्फाची पिशवी उघडून बघितली. अजून गार होती.