उत्तरपत्रिकेत नसलेला रानपिंगळा

शाळाशाळांच्या प्रश्नमंजूषा घेणं हे माझं काम. शहादा, तळोदा, शिरपूर, चोपडा, कधी पार रावेरपर्यंत. लोकांना वाटतं, माइक धरायचा आणि प्रश्न वाचायचे. खरी मेहनत त्याआधीची असते. ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वांत मोठा’ असं काही प्रश्नात आलं की तो दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळल्याशिवाय मी वहीत घेत नाही. बरोबर पर्याय बाकीच्या तिघांपेक्षा लांब झाला, तर काहीच न येणारं पोरही तोच सांगतं, म्हणून चारही पर्याय सारख्या लांबीचे करायचे. आणि ‘नाही’ असलेला प्रश्न बझर फेरीत शक्यतो घ्यायचाच नाही. मुलं ‘नाही’ ऐकण्याआधीच बटण दाबतात.

शिक्षक मंडळी मला हौसेनं प्रश्न पाठवतात. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, आइनस्टाइन गणितात नापास झाले होते. दोन्ही खोटं, आणि दोन्ही दरवर्षी येतं. याचा मला खरोखर राग येतो, कारण खऱ्या गोष्टी याहून कितीतरी विलक्षण आहेत. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला आपले 243 दिवस लागतात आणि सूर्याभोवती 225, म्हणजे त्याची गिरकी त्याच्या वर्षापेक्षा लांब. फाळक्यांच्या 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके यांनीच केले होते. ऑस्ट्रेलियातल्या वोम्बॅट या प्राण्याची लेंडी चौकोनी ठोकळ्यासारखी पडते. हे सांगितलं की हॉलमधलं मागच्या बाकावरचं पोरगंही सरसावून बसतं. त्या क्षणासाठी मी हे काम करतो.

ही गोष्ट एका जिल्हास्तरीय अंतिम फेरीची. प्रश्न माझे नव्हते. आयोजकांनी बाहेरून विकत आणलेला सीलबंद संच होता आणि नियम एकच: उत्तरपत्रिकेत असेल ते अंतिम. परीक्षक म्हणून दोन निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेचा संघ तिथवर आला होता, दोन मुलगे आणि एक आठवीतली मुलगी. पहाटेच घाट उतरून आले होते. बझर फेरी सुरू झाली तेव्हा ते पहिल्या दोनांत होते.

मी प्रश्न वाचला. ‘पुढीलपैकी कोणता पक्षी दिवसा शिकार करत नाही? घार, खंड्या, घुबड, वेडा राघू.’ बझर त्या मुलीचा वाजला.

“सर, एकही नाही. सगळेच करतात.”

उत्तरपत्रिकेत ‘घुबड’. चुकीला उणे पाच. गुणलेखकानं आकडा लिहायलाही घेतला. मी माइक खाली घेऊन तिला विचारलं, “घुबड दिवसा शिकार करतं?”

“हो सर. आमच्याकडचं करतं. सकाळी सागाच्या वाळक्या फांदीवर बसतं. खाली सरडा दिसला की झडप घालतं.”

माझ्या अंगावर काटा आला, पण एवढ्यावर हुरळून जायचं नसतं. आपल्याकडचा साधा पिंगळाही उजेडात बसलेला दिसतो. म्हणून मी तिला डोक्याबद्दल विचारलं. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात. ती म्हणाली, “डोकं साधंच असतं सर, ठिपके नाहीत. पंखावर जाड पट्टे आहेत. पोट पांढरं. आणि आपण जवळ गेलो की शेपटी अशी हलवतं.” तिनं तळहात डावीकडे-उजवीकडे भराभर हलवून दाखवला.

वर्णन तंतोतंत रानपिंगळ्याचं होतं, दिवसा वावरणाऱ्या एका दुर्मीळ, छोट्या घुबडाचं. शेपटीचा तो झटका कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. तो पाहिलेल्यालाच माहीत असतो.

फैजपूरला 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, हे खानदेशातल्या प्रत्येक संघाला पाठ असतं. पण ज्या अ‍ॅलन ह्यूम यांचं नाव काँग्रेसच्या स्थापनेसाठी घोकलं जातं, त्यांनीच 1873 मध्ये या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पुढे खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी इथलेच नमुने, म्हणजे आत कापूस भरून जपलेले मृत पक्षी, गोळा केले, शेवटचे 1884 मध्ये. त्यानंतर खात्रीची एकही नोंद नाही. मधे पक्ष्यांचे नमुने जमवणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल माइनरट्झहागेन यांनी 1914 मध्ये गुजरातेतल्या मांडवीला एक मिळाल्याचा दावा केला. तो नमुना डेव्हिडसन यांचाच होता. ब्रिटिश म्युझियममधून चोरून, पुन्हा भरून, त्याला नवी चिठ्ठी लावलेली. त्या खोट्या पत्त्यावर जाणकार पक्षीतज्ज्ञ शोध घेत राहिले. ही लबाडी अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी सहकाऱ्यांसह उघडकीस आणली. त्यांनीच खोटी नोंद बाजूला ठेवून खऱ्या जागा धुंडाळल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी, आणि भर दिवसा. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट इथंही तो असल्याचं कळलं. जगात हा पक्षी फक्त भारतात, मुख्यतः मध्य भारताच्या पट्ट्यात आहे, आणि ज्या जिल्ह्यात तो पुन्हा मिळाला त्याच जिल्ह्यातल्या स्पर्धेत एका मुलीला तो पाहिल्याबद्दल उणे पाच मिळत होते.

मी परीक्षकांकडे गेलो. माझं म्हणणं साधं होतं. गुण देऊ नका वाटलं तर, पण प्रश्न रद्द करा, उणे पाच काढा, माझ्या वहीतला राखीव प्रश्न घ्या. दोन मिनिटांचं काम. एक परीक्षक म्हणाले, “बहुतेक घुबडं निशाचरच असतात ना?” मी म्हटलं, “असतात, पण प्रश्नात ‘बहुतेक’ कुठे आहे?” दुसरे म्हणाले, “आज हिला दिलं तर उद्या प्रत्येक जण आमच्या गावात असं असतं म्हणेल.” या वाक्यावर मी अजून विचार करतो आहे. त्यात थोडं तथ्य आहे. मुलांच्या प्रत्येक ‘मी पाहिलंय’ला गुण देता येत नाहीत. पण मग ते तपासायचं कोणी? वर्णन बरोबर की चूक हे ओळखणारा माणूस टेबलावर नसेल, तर परीक्षक कशासाठी बसवायचे? गुण तर उत्तरपत्रिका बघून गुणलेखकही मांडतो. दोघं वाईट माणसं नव्हती. पण प्रमुख पाहुणे आले होते, वेळ झाली होती, आणि छापलेल्या कागदाच्या विरुद्ध जायची सवय त्यांना नोकरीत कधी लागली नव्हती.

उणे पाच कायम राहिले. पुढच्या तीन प्रश्नांना त्या मुलीनं बझरला हातच लावला नाही. त्यातल्या एकाचं उत्तर तिला येत होतं, ओठ हललेले मला दिसले. संघ उत्तेजनार्थवर आला.

बक्षीस समारंभानंतर मी तिघांना आणि त्यांच्या सरांना बाजूला घेतलं आणि डेव्हिडसन ते रासमुसेन सगळं सांगितलं. सर वहीत लिहून घेत होते. मुलीनं शेवटपर्यंत ऐकून विचारलं, “मग एवढी वर्षं आमच्याकडच्या कुणाला विचारलं नव्हतं का?” कुणी कुणाला काय विचारलं ते मला माहीत नाही, एवढंच मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि चोरीच्या नमुन्याचं पुन्हा विचारलं. चिठ्ठी बदलल्याचं कळलं कसं, भरताना आतला कापूस बदलला होता का, टाके जुने होते का. असे प्रश्न विचारणारं मूल मला क्वचितच भेटतं.

आयोजकांना मी लेखी पत्र दिलं आहे: तो प्रश्न रद्द समजून निकाल दुरुस्त करावा, संघाला तसं कळवावं, आणि यापुढे प्रश्नावर आक्षेप आला तर तो रद्द करायचा अधिकार परीक्षकांना नियमावलीतच द्यावा. फोनवर ‘पुढच्या वर्षी बघू’ असं उत्तर मिळालं. पुढच्या वर्षीची तारीखही त्यांनी त्याच फोनवर विचारली. पत्राचं लेखी उत्तर आल्याशिवाय मी ती देणार नाही.