थ्री नॅनोमीटरचाच घ्यायचाय? थांब जरा

भाच्याला पीसी बनवून द्यायचाय. इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाली, ताईने बजेट सँक्शन केलं, आणि आमच्या घरात प्लग असलेली कुठलीही वस्तू घ्यायची झाली की ती मामाच्याच गळ्यात पडते, त्यामुळे हेही काम माझ्याकडे. साहेबांची अट एकच, "मामा, प्रोसेसर थ्री नॅनोमीटरचाच घेऊ, बाकी तू ठरव." कुठल्यातरी व्हिडिओच्या थंबनेलवर बघितलेलं असणार. त्याला फोनवर जे समजावलं ते इथे लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की नुसती लिंक टाकायची.

तर हे नॅनोमीटरचं प्रकरण. एकेकाळी हा आकडा खरंच ट्रान्झिस्टरच्या (चिपमधल्या इवल्याशा स्विचच्या) गेटच्या, म्हणजे त्यातला करंट चालू-बंद करणाऱ्या भागाच्या, लांबीच्या जवळपास असायचा, म्हणजे मोजून दाखवता यायचा. आता तो मॉडेलच्या नावासारखा झालाय. थ्री नॅनोमीटर म्हणून विकल्या जाणाऱ्या चिपमध्ये एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतचं अंतर ४५ नॅनोमीटरच्या आसपास असतं. इंटेलने तर २०२१ मध्ये सरळ बारसंच केलं, जी प्रोसेस (चिप बनवायची पद्धत) १० नॅनोमीटर एन्हान्स्ड सुपरफिन म्हणून येणार होती तिचं नाव ठेवलं 'इंटेल ७'. तेव्हा दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून लहान कोणता ते बघण्यात काही अर्थ नाही.

पण म्हणून प्रगती खोटी आहे असं मी म्हणत नाहीये, उलट आत जे चालतं ते वाचून डोकं गरगरतं. चिपवरची डिझाईन प्रकाशाने छापतात, आणि वर्षानुवर्षं १९३ नॅनोमीटर वेव्हलेंग्थच्या लेझरवर काम चाललं होतं. त्याने जमेना तेव्हा ईयूव्ही (एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट) आलं, १३.५ नॅनोमीटर. हा प्रकाश पैदा कसा करतात बघा, वितळलेल्या कथिलाचे बारीक थेंब व्हॅक्यूममध्ये सोडायचे आणि प्रत्येक थेंब उडत असतानाच त्याला लेझरने दोनदा मारायचं, पहिल्यांदा चपटा करायला आणि दुसऱ्यांदा त्याचा प्लाझ्मा करायला, आणि हे सेकंदाला ५०,००० वेळा! बरं हा प्रकाश काचेत शोषला जातो, हवेतसुद्धा शोषला जातो, म्हणून लेन्स चालतच नाही, सगळं आरशांवर. असं मशीन जगात एकच कंपनी विकते, नेदरलँड्सची एएसएमएल, आणि आरसे जर्मनीच्या झाइसचे. चिपा बनवणारी तैवानची टीएसएमसी काय, इंटेल काय, सॅमसंग काय, सगळे तिच्याच दारात.

आता मुद्द्याचं. एवढ्या महाग प्रोसेसवर अख्खा प्रोसेसर बनवणं परवडत नाही. ३०० मिलिमीटरच्या गोल वेफरवर (सिलिकॉनची चकती, तिच्यावरच चिपा छापून मग कापतात) कुठे ना कुठे डिफेक्ट येतोच. ताटात थापलेल्या वडीत खडा निघाला तर तेवढी एकच वडी जाते, पण वड्या जितक्या मोठ्या कापाल तितका एका खड्याने जाणारा ऐवज मोठा. म्हणून इंटेलची स्पर्धक एएमडीने २०१९ मध्ये आपल्या रायझन ३००० प्रोसेसरचे वेगवेगळे तुकडे पाडले, कोअरवाले (कोअर म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग) तुकडे टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटरवर केले आणि मेमरी, पीसीआयई (ग्राफिक कार्ड वगैरे जोडायचा रस्ता) बघणारा तुकडा ग्लोबलफाउंड्रीजच्या जुन्या १२ वर. रायझन ७००० मध्ये तेच, कोअर ५ वर, तो मेमरी बघणारा तुकडा (आयओ) ६ वर. एकाच प्रोसेसरमध्ये दोन दोन आकडे, मग भाच्याने नेमका कुठला धरायचा? (छोट्या चिपा जोडून मोठं काम काढायचं हे पुण्याला तसं नवीन नाही, आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० सुपरकॉम्प्युटर बनवला तो अशाच ढीगभर ट्रान्सप्युटर चिपा एकमेकांना जोडून. पॅकेजिंग वेगळं, पण तरीही, बोलायला मिळालं तर सोडतोय का.)

आणि आठ कोअरच्या तुकड्यात एखाददुसरा कोअर नापास झाला तर दोन बंद करून तोच सहा कोअरचा म्हणून विकतात. यात फसवणूक वगैरे काही नाही, त्यामुळेच तर रायझन ५ स्वस्तात मिळतो.

दुसरी गंमत कॅशची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण वेगवान मेमरीची. ट्रान्झिस्टर अजून लहान होतायत पण कॅश ज्या एसरॅमने बनते ती आता आकसायला तयार नाही, टीएसएमसीच्या ५ वरून त्यांच्या एन३ई वर गेलं तरी सेलचा साइज तोच. मग आडवी जागा खाण्यापेक्षा कॅशचा वेगळा तुकडा उभा रचणं फायद्याचं. एएमडीच्या एक्स३डी प्रोसेसरमध्ये तेच आहे. २०२२ च्या ५८००एक्स३डी मध्ये कॅश कोअरच्या डोक्यावर बसवली होती, एकूण एल३ (कॅशचा सगळ्यात मोठा थर) ९६ एमबी, पण त्यामुळे कोअरची उष्णता अडायची. २०२४ च्या ९८००एक्स३डी मध्ये ती कोअरच्या खाली घातली, आणि कोअर कूलरच्या जवळ आले.

याचा निकाल काय लागला? २०२४ मध्येच इंटेलचा कोअर अल्ट्रा २८५के आला, त्यातला कोअरवाला तुकडा टीएसएमसीच्या ३ नॅनोमीटरवर बनलेला. आणि गेमिंगमध्ये त्याला कुणी हरवलं, तर त्याच्या आदल्या वर्षीच्या ७८००एक्स३डी ने, जो ५ नॅनोमीटरचा आहे. हे सांगितल्यावर फोनवर पलीकडे शांतता. मग "बरं, मग काय घ्यायचं?"

रायझन ५ ७६००. सहा कोअर, ६५ वॉट, कूलर बॉक्समध्येच येतो. ७६००एक्स घेतला तर कूलर वेगळा घ्यायचा, वर तो फुल लोडला ९५ डिग्रीपर्यंत जायला मोकळाच असतो, आणि एप्रिल-मे मध्ये वरच्या मजल्यावरच्या खोलीत, जिथे एसी नाही आणि पंखा गरम हवाच फिरवतो, तिथे मला ते नकोय. 'एफ' वाला ७५००एफ थोडा स्वस्त पडतो पण त्यात डिस्प्ले निघत नाही. ७६०० मधलं ग्राफिक्स अगदीच नावापुरतं आहे, गेम विसरा, पण स्क्रीन तरी लागते, आणि आमचा प्लॅनच असा आहे की ग्राफिक कार्ड काही महिन्यांनी घ्यायचं. कारण रॅम! २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे काही भडकलेत की विचारू नका, सगळा माल एआयच्या डेटा सेंटरना चाललाय, मायक्रॉनने तर आपला क्रुशियल ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. एएम५ ला (या रायझनच्या सॉकेटला) डीडीआर५ रॅमशिवाय पर्याय नाही, त्यामुळे सध्या १६ जीबीच्या दोन स्टिक आणि विषय बंद. आठच्या चार घेऊ नका, चार स्टिक लावल्या की स्पीड पडतो.

घरच्या ग्रुपवर एका काकांनी विचारलं की आता गुजरातेत फॅब (चिपचा कारखाना) होतेय तर थांबावं का, स्वस्त होईल. काका, धोलेराची फॅब २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या प्रोसेसची आहे, गाड्यांच्या आणि पॉवरच्या चिपांसाठी. चांगलीच गोष्ट आहे, पण आपला पीसी त्यावर अडकवू नका.

शनिवारी पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत गेलो, भाचा सोबत. पहिल्याच दुकानात, "साहेब, ट्रेचा घ्या ना, सेम पीस, हजार-दीड हजार वाचतील." ट्रेचा म्हणजे बॉक्स नाही, कूलर नाही, आणि वॉरंटी बहुतेक वेळा दुकानदार देईल ती एक वर्ष. बॉक्सवर कंपनीची तीन वर्षं असतात. पुढे, "कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फ्री देतो, पाचशे वॉट." हा फ्रीचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) हातात घेऊन बघा एकदा. रिकाम्या डब्यासारखा हलका असतो, स्टिकरवर मोठ्ठं ५०० लिहिलेलं, आणि बाजूच्या बारीक टेबलात १२ व्होल्टचे अँपिअर बघून गुणाकार केला तर ५०० च्या आसपाससुद्धा जात नाही. मी तो तिथेच ठेवला आणि चांगल्या कंपनीचा ६५० वॉटचा ब्रॉन्झ रेटिंगचा घेतला. प्रोसेसरमध्ये वाचवलेले पैसे इथे गेले आणि तिथेच जायला पाहिजेत.

मदरबोर्ड काउंटरवरच उघडायला लावा. एएम५ ला पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डच्या सॉकेटमध्ये असतात, १७१८. मोबाइलचा टॉर्च तिरका मारला की सगळ्या एका ओळीत चमकतात, एखादी वाकलेली असेल तर लगेच दिसते. घरी गेल्यावर दिसली तर कुणी ऐकून घेत नाही. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, करू दे. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या.

यूपीएसचं पण सांगतो कारण आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते. आताच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असतं, आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की शुद्ध साइन वेव्ह देत नाही, काही एसएमपीएस त्याने चक्क बंद पडतात. घ्यायच्या आधी विचारा, जमलं तर प्युअर साइन वेव्हचाच घ्या.

जोडून झाल्यावर पहिल्यांदा बटण दाबलं की स्क्रीन काळीच राहील, पंखे फिरतील आणि काही मिनिटं काहीही होणार नाही. घाबरून बंद करू नका, डीडीआर५ चं ट्रेनिंग (रॅम आणि प्रोसेसर एकमेकांशी टायमिंग जुळवतात) चालू असतं. भाचा दोनदा बटणाकडे हात नेत होता. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो (रॅम तिच्या छापील स्पीडवर चालवायची सेटिंग) ऑन करा, नाहीतर ६००० च्या रॅमचे पैसे देऊन ४८०० वर चालवत बसाल.