एन२९८० अपडेट: जाळी बसली एकदाची!

एन२९८० म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं एक ब्रिटिश वेलिंग्टन बॉम्बर, त्याचं १/७२ स्केलचं मॉडेल करतोय. तीच त्याच्या फ्युजलाजची (विमानाच्या धडाची) जाळी, जिला मागच्या पोस्टीत शिव्या घालून झाल्या होत्या.

प्रिंट करून मागवलेलं रेझिन पॅनल क्युअर होताना पापडासारखं वळायचं, सपोर्ट काढायला गेलं की कडकन मोडायचं, आणि विकणारा म्हणतो कोमट पाण्यात टाका! मग पितळी तार घेतली, तर प्रत्येक जोडावर सोल्डरचा गोळा. मग फॉल-पिकोचा पॉलिएस्टर धागा आणला, किटच्या फ्युजलाजला व्हॅसलीन चोळलं आणि तिरकं गुंडाळायला घेतलं, तर शेपटीकडे निमुळतं होतं तिथे धागा पेन्सिलच्या रेघेवर थांबेचना, सारखा घसरून भलतीकडे. वैतागून टोकांना नट बांधून लोंबत सोडले, जा बाबा हवं तिथे. आणि ट्यूब पेटली, वेलिंग्टनच्या डिझायनरची, बार्न्स वॉलिसची जिओडेटिक (तिरक्या जाळीची) रचना म्हणजे तरी काय, वक्र पृष्ठभागावरचा सगळ्यात जवळचा रस्ता, आणि ताणलेला धागा तोच शोधतो ना! वरून पातळ सुपरग्लू, जिथे धागे एकमेकांवर चढतात तिथे फाइल, आणि अख्खी बाजू सुटून हातात. अहाहा.

प्लॅन होता या विमानाचा पायलट स्क्वाड्रन लीडर मारवुड-एल्टन याच्या पाण्यावरच्या लँडिंगचा देखावा करायचा. ३१ डिसेंबर १९४०, स्कॉटलंडमधल्या लॉसीमाउथच्या २० ओटीयूचं (क्रू ट्रेनिंग युनिटचं) ट्रेनिंग फ्लाइट, बर्फाळ हवेत उजवं इंजिन गेलं, खाली डोंगर. त्याने क्रूला उड्या मारायला लावल्या (रिअर गनर फेन्समला पॅराशूटने दगा दिला, गेला बिचारा), आणि ढगांच्या फटीतून लॉक नेस तळं दिसल्यावर विमान पाण्यावर असं टेकवलं की तो आणि को-पायलट पंखावर चढून डिंगीतून काठाला लागले. १९३९ च्या हेलिगोलँडच्या हवाई लढाईतून सहीसलामत परतलेलं विमान, बुडालं ते ट्रेनिंगमध्ये!

पण ही जाळी आता खऱ्या विमानासारखी कापडाखाली झाकायची? जीव होत नाही. हे टाइप करतानाच सुचलं: डावी बाजू १९४० ची, पूर्ण रंगवलेली, आणि उजवी, इंजिन गेलं तीच, १९८५ मध्ये तळ्यातून वर काढलं तशी उघडी. रेझिनचं पाणी कॅन्सल, पंखावरचे दोन फिगर डावीकडे राहतील. वर काढलेल्या विमानाला बॅटरी जोडल्यावर त्याचे टेल लाइट पेटले होते म्हणे, म्हणजे शेपटीत एलईडी आलाच. इनॅमल वायर जाळीच्याच एका काडीला चिकटवून त्याच रंगात रंगवली तर लपेल का? कोणी केलंय?