श्रीलंका म्हणजे आपलं व्हिएतनाम होतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं विचारतात. १५ ऑगस्टला शाळेत भाषणाला बोलावतात, तिथले मास्तर विचारतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणासुद्धा विचारतो, "श्रीलंका म्हणजे आपलं व्हिएतनामच ना?" विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. मी होकार भरला की झालं, पुढचं कुणाला ऐकायचं नसतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

आयपीकेएफ म्हणजे १९८७ ला श्रीलंकेत गेलेली भारताची शांतिसेना, करार केला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी, प्रभाकरन म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या टायगरांचा (एलटीटीईचा) म्होरक्या, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर विचारता. ते सोडून देतो. मी तिथे होतो. सिग्नलचा माणूस, एका पायदळ पलटणीला जोडून दिलेला, पाठीवर रेडिओ सेट. पलटणीचं नाव लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं हयात आहेत आणि त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही.

पूर्वी मी ठणकावून "नाही" म्हणायचो, आणि मुद्दे तोंडपाठ होते. अमेरिकेने पोरांना सक्तीने भरती केलं, कुणाची जन्मतारीख निघते त्याची सोडत टीव्हीवर दाखवली. आपल्यात एकही माणूस सक्तीने आलेला नव्हता. त्यांचं सैन्य एका वेळी ५ लाख ४० हजारांच्या पुढे गेलं, ५८ हजारांवर माणसं मेली. आपलं सैन्य ऐन भरात ७०-८० हजार, गेलेले सुमारे १,२००, आणि ३२ महिन्यांत परत. ते अर्ध्या जगापलीकडे गेले होते, आपण रामेश्वरपलीकडची खाडी ओलांडली. ते सरकार टिकवायला गेले, आपण तमिळ लोकांना वाचवायला गेलो. आणि शेवटचा हुकमी मुद्दा असा की, ज्यांच्याशी लढलो त्यांना पूर्वी आपणच तमिळनाडूत आणि इतरत्र प्रशिक्षण दिलं होतं. असं व्हिएतनाममध्ये कुठे होतं?

पुढे वाचनात आलं की तिथेही होतं. १९४५ साली जपान्यांविरुद्ध लढायला हो ची मिन्हच्या माणसांना, म्हणजे पुढे ज्यांच्याशी अमेरिका लढली त्यांनाच, अमेरिकेच्याच ओएसएस या गुप्तचर संघटनेच्या तुकडीने हत्यारं आणि शिकवणी दिली होती. माझा हुकमी मुद्दा गेला. बाकीचे मुद्दे अजून खरे आहेत, ते मी सोडत नाही. पण ते सगळे आकड्यांचे आणि नकाशाचे आहेत, आणि तुमच्या प्रश्नाने मला जे टोचतं ते आकड्यांत नाही. ते एका घरात आहे.

जाफना द्वीपकल्पात लाल माती, तंबाखूची शेतं आणि ताडच ताड. घरांना ताडाच्या झावळ्यांची उंच कुंपणं, दोन कुंपणांमधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी बोळकंडी. १९८७ च्या ऑगस्टमध्ये आम्ही पलालीच्या विमानतळावर उतरलो तेव्हा लोक हार घेऊन रस्त्यावर आले होते. हे खोटं वाटेल, पण बायकांनी ओवाळलं होतं. गावाच्या वळणावर एक घर होतं. विहिरीवर पाणी काढायची ताडाच्या लांब वाशाची ओकती. त्या घरातल्या बाईने आम्हाला पाणी पाजलं, पोहऱ्यातून थेट ओंजळीत. तिचा मुलगा पंधरा-सोळाचा असेल, सायकल धरून उभा. मोडक्या इंग्रजीत विचारत होता, तुम्ही कुठले? मी महाराष्ट्र म्हटलं, त्याला कळेना. मुंबई म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला, "गावसकर?" मी हो म्हणालो. गावसकरच्या गावचा समजून त्याने माझ्याशी हात मिळवला.

मग सप्टेंबरात टायगरांचा तरुण पुढारी तिलीपन याचं जाफन्यातल्या नल्लूरचं उपोषण आणि त्याचा मृत्यू, ५ ऑक्टोबरला पलालीत कैदेतल्या टायगरांनी सायनाइड खाणं, आणि त्याच महिन्यात युद्ध. आमच्या हातात जड एसएलआर रायफली, समोरच्या पोरांच्या हातात एके-४७. रेडिओवर आम्ही बोलतो ते त्यांना ऐकू जातं हे आम्हाला फार उशिरा कळलं. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जणांपैकी एकच वाचला. ती बातमी आमच्याकडे तुकड्या-तुकड्यांनी आली, आणि सिग्नलचा माणूस म्हणून ती मी इतरांच्या आधी ऐकली.

नोव्हेंबरात आमची तुकडी त्या वळणावरून निघाली होती. मी साहेबांच्या मागे. पुढे माझा जोडीदार, माण तालुक्यातला, सुट्टीत आम्ही एकाच एसटीने घरी जायचो. मोरीखालचा सुरुंग उडाला तेव्हा आधी आवाज आलाच नाही, नुसती लाल माती अंगावर आली. मग आवाज. मग काही वेळ काहीच ऐकू येईना, आणि मी सेटवर ओरडत होतो तेही मला ऐकू येत नव्हतं. जोडीदाराचं मी इथे लिहिणार नाही. त्याच्या घरच्यांना मी जे सांगितलं तेवढंच राहू दे.

वायर सापडली. मोरीपासून निघून झावळ्यांच्या कुंपणाच्या मुळाशी बोटभर खोल पुरलेली, त्याच घराच्या अंगणातून, विहिरीच्या कट्ट्याला वळसा घालून मागच्या केळीत गेलेली. कट्ट्यापाशी माती ओली होती म्हणून तिथे ती उघडी पडली होती, काळी, चकचकीत. रोज तिथे उभं राहून पाणी काढणाऱ्या बाईला ती दिसली नसेल?

घर झडतीला घेतलं. घरात दोघंच, ती आणि मुलगा. दुभाषा बरोबर नव्हता, बहुतेक वेळा नसायचाच. ती बोलत होती आणि आमच्यापैकी एकालाही एक अक्षर समजत नव्हतं. मुलाचे हात मागे बांधले. तिने माझी बाही धरली, इतक्या जणांत माझीच. मला ओळखून धरली की मी जवळ होतो म्हणून, ते माहीत नाही. साहेबांनी सांगितलं तसं मी सेटवर कळवलं: संशयित एक, पुरुष, वय अंदाजे सोळा. पोरगं माझ्याकडे बघत होतं. मी सेटकडे बघत होतो. गाडी आली, त्याला घेऊन गेली. पुढे त्याचं काय झालं हे मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. आम्ही विचारत नसू.

परत आल्यावर पहिली काही वर्षं मी हे सांगायचो ते असं, की बाईला माहीत होतं. पाणी पाजलं आणि वायरही पुरू दिली. ऐकणारे चुकचुकायचे, आणि मला बरं वाटायचं. मग कधीतरी मनाने उलटा हिशोब मांडला. तिने आम्हाला खबर दिली असती तर? खबऱ्यांना टायगर विजेच्या खांबाला बांधून मारायचे, छातीवर पाटी लावून. अशी प्रेतं आम्ही पाहिली होती. सांगितलं तर खांब, नाही सांगितलं तर मुलगा गाडीत. तिने करायचं काय? हे मला पटतं. आणि मग जोडीदार डोळ्यांसमोर येतो, आणि पटत नाही. त्या मोरीवरून आम्ही येताना तिने नुसता हात केला असता. एक हात. हा वाद माझ्यापुरता मिटलेला नाही, मिटवायचा प्रयत्नही सोडून दिला आहे.

व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या जबान्या मी पुढे मिळतील तशा वाचल्या. गावातल्या बाया-पोरांना सुरुंगाची वाट माहीत असते, ती बरोबर बाजूने चालतात, आपला माणूस उडतो, आणि मग सगळा राग त्या गावावर. वाचताना मला ते घर दिसलं. एवढ्यापुरतं तुमचं म्हणणं खरं आहे, आणि हे मान्य करायला मला फार वर्षं लागली.

आता अवघड भाग. २१ ऑक्टोबर १९८७, तमिळ दिवाळीचा दिवस. जाफनाच्या रुग्णालयात आपलं सैन्य शिरलं आणि डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मारले गेले. लष्कराचं म्हणणं होतं की आतून गोळीबार झाला. वाचलेल्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं. २ ऑगस्ट १९८९ ला वल्वेट्टीतुराईत आपल्या तुकडीवर हल्ला झाला, आणि नंतर तिथले ५० हून अधिक नागरिक मेले. आपल्याच देशातल्या काहींनी त्याला भारताचं माय लाय म्हटलं; माय लाय म्हणजे व्हिएतनाममधलं ते गाव, जिथे अमेरिकन सैनिकांनी नागरिकांना मारलं. या दोन्ही ठिकाणी मी नव्हतो. हे वाक्य मी प्रत्येक वेळी म्हणतो, ते खरं आहे, आणि तरी ते म्हणताना मला बरं वाटत नाही. तुम्ही विद्यार्थी मला रागाने विचारता, "मग तुम्हीही तसेच?" रागावू नका, बसा आणि ऐका. रात्र-रात्र जखमी तमिळ म्हाताऱ्याला आपल्याच अँब्युलन्समधून नेणारे जवानही मी पाहिलेत. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी २५ नोव्हेंबर १९८७ ला छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून त्याला गोळी घातली, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ते तमिळ होते, जन्म मुंबईचा, रेजिमेंट महार. हे सगळं एकाच सैन्यात होतं. त्यातलं एकच उचलून मला दाखवू नका.

आणि ज्या गोष्टीत आपलं व्हिएतनाम मुळीच नव्हतं, ती तुम्ही कधीच विचारत नाही. अमेरिकेत ते युद्ध घरोघरी पोचलं. संध्याकाळच्या बातम्यांत जळती गावं दिसली, विद्यापीठं पेटली, १९७० मध्ये केंट स्टेट विद्यापीठात ४ विद्यार्थी गोळीबारात मेले. माय लायसाठी निदान एका लेफ्टनंटवर खटला चालला आणि शिक्षा झाली. १९८२ मध्ये वॉशिंग्टनला काळ्या दगडाची भिंत उभी राहिली, मेलेल्या सैनिकांच्या नावांसकट. त्यांचं युद्ध लोकांना नकोसं झालं, कारण लोकांनी ते पाहिलं. आमचं कुणी पाहिलंच नाही, तर नकोसं कसं होणार? मी पहिल्या सुट्टीला आलो तेव्हा गावातल्या शहाण्यासुरत्या माणसाने विचारलं होतं, "पोस्टिंग मद्रासला का?"

मार्च १९९० मध्ये शेवटच्या तुकड्या बोटींनी मद्रासला लागल्या, तेव्हा त्या राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत. आपल्याच माणसांवर गोळ्या झाडून आलेलं सैन्य, असं त्यांचं म्हणणं. कोलंबोत राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी आम्हाला निघून जा म्हणून सांगितलं होतंच, वर आमच्याशी लढायला टायगरांना हत्यारंही पुरवली होती. सिंहली लोकांना आम्ही नको होतो, तमिळांना नको झालो, आणि घरी आमची कुणाला आठवण नव्हती. जोडीदाराची बायको एका कार्यालयात कागदपत्रांसाठी गेली, तेव्हा कारकुनाने विचारलं, कुठल्या युद्धात गेले? तिने श्रीलंका म्हटल्यावर तो म्हणाला, तिथे कधी युद्ध झालं? ही गोष्ट तिने मला फार शांतपणे सांगितली. मला अजून ती शांतपणे सांगता येत नाही.

अमेरिका व्हिएतनाममधून निघाली तेव्हाचं सायगावचं ते चित्र तुम्ही सगळेच दाखवता, एप्रिल १९७५, छतावरचं हेलिकॉप्टर आणि खाली मागे राहिलेली माणसं. मागे राहिलेले आमचेही होते. आमच्या बाजूने उभ्या राहिलेल्या तमिळ गटांनी पोरं जबरदस्तीने उचलून त्यांच्या हातात बंदुका दिल्या होत्या. आम्ही निघालो तसे टायगर त्यांच्यावर तुटून पडले. काही नेते आणि त्यांची कुटुंबं बोटीने ओडिशात आली, बाकीच्यांना बोट मिळाली नाही. यावर मला एकही पोरगं प्रश्न विचारत नाही.

तेव्हा हो की नाही? मी एका शब्दात सांगत नाही. आमचे एक जुने सुभेदार साहेब आहेत, पायात अजून सुरुंगाचे कपचे आहेत. ते सरळ "हो, व्हिएतनामच" म्हणतात. मी चिडलो तर म्हणतात, अरे, तेवढं म्हटलं की पोरं खुर्ची पुढे ओढून बसतात, नाहीतर उठून जातात. मला ते पटत नाही. पण मी वायरीची आणि विहिरीची गोष्ट लांबवत जातो तेव्हा मागच्या रांगा रिकाम्या होतात, आणि त्यांच्या भाषणात होत नाहीत, हेही मी पाहिलं आहे. पुढच्या महिन्यात आम्हा दोघांना एकाच कॉलेजात बोलावलं आहे. कुणी आधी बोलायचं यावर आमचं अजून ठरलेलं नाही.